परसातल्या कोंबड्यांसाठी पिल्ले कोठून घ्यावीत : घरगुती उबवणी केंद्र आणि इतर पर्याय

पन्नास ते शंभर पिल्ले घेऊन परसात किंवा शेतावर कोंबडीपालन सुरू करू पाहणाऱ्याला सोलापूर परिसरात साधारण चार वाटा उपलब्ध असतात. जवळपासच्या एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या लहान उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्ले घेता येतात, शासकीय उबवणी केंद्राकडे मागणी नोंदवता येते, मोठ्या कंपनीची पिल्ले एजंटामार्फत मागवता येतात किंवा कोणीतरी महिनाभर सांभाळून वाढवलेली पिल्ले थोडे जास्त पैसे देऊन आणता येतात. या चारांची तुलना करताना बहुतेक जण पहिल्यांदा पिल्लाचा दर विचारतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. सुधारित जातीचे एक पिल्लू पहिल्या आठ आठवड्यांत सुमारे दीड ते दोन किलो खाद्य खाते. त्या खाद्याच्या हिशेबात पिल्लामागे पाच-सात रुपये वाचले किंवा जास्त गेले, तरी फारसा फरक पडत नाही. दरापेक्षा तीन गोष्टी विचारायला हव्यात. पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यापासून तुमच्या घरी पाणी पिईपर्यंत किती तास जातात, त्याचे आईबाप कोण आहेत आणि पहिल्या दिवशीची लस त्याला मिळाली आहे की नाही.

तासांच्या बाबतीत घरगुती केंद्राशी कोणाचीच बरोबरी होत नाही. पिल्लाच्या पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून जगू शकते, म्हणून पिल्ले खोक्यात भरून दूरवर पाठवता येतात. परंतु एका बॅचमधली सगळी पिल्ले एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. पहिले पिल्लू आणि शेवटचे पिल्लू यांच्यात एका दिवसाहून अधिक अंतर असू शकते. म्हणजे हॅचरमधून, म्हणजे पिल्ले निघतात त्या यंत्रातून, पिल्ले काढली जातात तेव्हा काहींच्या शिदोरीतला एक दिवस आधीच खर्च झालेला असतो. त्यावर लस, मोजणी, खोक्यात भरणे, रात्रीची गाडी आणि एजंटाकडचा मुक्काम हे सगळे धरले, तर पिल्लू घरी येईपर्यंत थकून जाते. मोहोळ, बार्शी किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या केंद्रातून सकाळी काढलेली पिल्ले मात्र दुपारच्या आत तुमच्या ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्यांखाली, असतात.

दुसरा फायदा असा की तिथे आत जाऊन पाहता येते. मी ज्या कुटुंबाकडून गेली दोन वर्षे पिल्ले घेतो, त्यांच्या घरामागे पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. एका खोलीत सेटर आहे, ज्यात अंडी पहिले अठरा दिवस राहतात, आणि दुसऱ्या खोलीत हॅचर, ज्यात शेवटच्या तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. प्रत्येक अंड्यावर बसवल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहिलेली असते. सातव्या-आठव्या दिवशी घरातल्या काकू दिवा मालवून, मुठीत टॉर्च धरून एकेक अंडे त्यावर ठेवतात. लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे परत ट्रेमध्ये जाते आणि नुसताच पिवळसर उजेड दिसला तर बाजूच्या टोपलीत. त्या टोपलीत किती अंडी साचली ते जाणाऱ्याने जरूर पाहावे. कोंबड्यांच्या प्रमाणात नर पुरेसे आहेत का, अंडी ताजी होती का, याचे उत्तर मालकाच्या बोलण्यापेक्षा ती टोपली जास्त प्रामाणिकपणे देते. एका नरामागे आठ-दहा कोंबड्या असे प्रमाण ठीक समजले जाते.

मात्र केंद्रे लहान असण्यातच त्यांच्या अडचणीही आहेत. यंत्राला साडेसदतीस अंशांच्या आसपास अखंड तापमान लागते आणि आपल्या ग्रामीण फीडरवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मोठ्या केंद्राकडे जनरेटर आपोआप सुरू होतो. घरगुती केंद्रात इन्व्हर्टर असला तरी रात्री दोन वाजता कोणीतरी उठून पाहावे लागते. तापमान बराच वेळ उतरलेले राहिले, तर पिल्ले उशिरा निघतात, त्यांचे पाय कमजोर राहतात आणि बेंबी पुरती मिटत नाही. अशी कच्च्या बेंबीची पिल्ले पहिल्या आठवड्यातच दगावतात. म्हणून वीज गेल्यावर काय करता, हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लगेच येते की जरा थांबून येते, याकडे लक्ष द्यावे.

उन्हाळ्याची गोष्ट तर खास सोलापूरची आहे. उबवायची अंडी पंधरा ते अठरा अंशांत ठेवावीत आणि आठवड्याच्या आत यंत्रात बसवावीत, असा नियम आहे. चोवीस-पंचवीस अंशांच्या वर अंड्यातला गर्भ हळूहळू वाढू लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा साध्या खोलीत ठेवलेल्या अंड्यांत गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते, मध्येच थांबते आणि यंत्रात गेल्यावर तो तग धरत नाही. थंड खोली नसलेल्या केंद्राकडून मे महिन्यात पिल्ले घेणे मी टाळतो. तो दोष माणसांचा नसला तरी निघालेले पिल्लू कमजोरच असते.

आता आईबापांविषयी. घरगुती केंद्रात गावरान पिल्ले मिळत असतील आणि कोंबड्या डोळ्यांसमोर फिरत असतील, तर यापेक्षा चांगले काही नाही. फक्त ती अंडी त्याच कळपातली आहेत की गावोगावच्या घरांतून गोळा केलेली आहेत, हे विचारून घ्यावे. गोळा केलेल्या अंड्यांबरोबर पांढऱ्या हगवणीसारखा, आईकडून अंड्यातून पिल्लात उतरणारा आजारही येऊ शकतो. परंतु फलकावर ‘वनराज’ किंवा ‘गिरिराज’ लिहिलेले असेल, तर जरा सावध व्हावे. वनराज ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने दोन वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेली जात आहे आणि गिरिराज हीसुद्धा बंगळूरला विकसित झालेली संकरित जात आहे. एखाद्याने वनराजच्या कोंबड्या आणल्या, त्यांच्यातच वनराजचे नर सोडले आणि त्या अंड्यांची पिल्ले वनराज म्हणून विकली, तर फसवण्याचा हेतू नसला तरी ती पिल्ले मूळ जातीसारखी एकसारखी वाढत नाहीत आणि अंडीही कमी देतात. संकरित बियाण्याच्या ज्वारीचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर काय होते, हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. तसेच हे आहे. कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीबद्दल एवढेच, की विकणारे पुष्कळ आहेत, तेव्हा पिल्ले पाहण्याआधी मोठे पक्षी पाहावेत. त्यांचा तुरा, जीभ, कातडी आणि पाय सगळेच काळपट हवे.

तिसरा मुद्दा लसीचा, आणि या एका बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. चार वर्षांपूर्वी एका घरगुती केंद्रातून ऐंशी पिल्ले आणली होती. पिल्ले ताजीतवानी होती आणि पहिल्या महिन्यात केवळ तीन दगावली. मानमोडी आजाराची लासोटा लस सातव्या दिवशी आणि गंबोरो आजाराची चौदाव्या दिवशी मी स्वतः दिली, आणि आपले काम चोख झाले असे समजून निश्चिंत राहिलो. साडेतीन महिन्यांच्या झाल्यावर तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, एकेक करून बसू लागल्या. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे, डोळे उघडे आणि खाण्याची इच्छाही शाबूत. फक्त उठता येत नव्हते. महिनाभरात एकोणीस गेल्या. पशुवैद्यकांनी मरेक्स असल्याचे सांगितले. या आजाराची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी, केंद्रातच, मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. नंतर घरी आणून देण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर धुळीतून विषाणू आत गेलेला असू शकतो. केंद्राच्या मालकाला विचारले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. बाटली शेकडो डोसांची येते, एकदा द्रावात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते आणि त्या दिवशी पिल्ले निघाली होती दीडशेच्या आत. म्हणून त्यांनी लस दिली नव्हती. त्यांचा हिशेब मला समजतो, पण मला आधी सांगितले असते तर मी उरलेल्या डोसांचे पैसे आनंदाने दिले असते. आता मी पिल्ले नोंदवतानाच हे बोलून घेतो आणि शक्य झाल्यास गावातल्या दोघा-तिघांची मागणी एकत्र करतो, म्हणजे एक बाटली सगळ्यांत वाटली जाते.

लसीच्या आणि आईबापांच्या बाबतीत शासकीय केंद्र निःसंशय वरचढ आहे. राज्य पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तिथला मूळ कळप माहितीचा असतो आणि दर रास्त असतो. अडचण आहे ती प्रतीक्षेची आणि अंतराची. मागणी नोंदवून पाळीची वाट पाहावी लागते आणि पुणे आपल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. पन्नास पिल्लांसाठी गाडी करून जाणे परवडत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चक्कर मात्र जरूर मारावी, कारण एक दिवसाची शंभर पिल्ले किंवा पंचवीस तलंगा व तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर देण्याच्या योजना विभागाने राबवल्या आहेत आणि आपण त्यांत बसतो का, हे तिथेच कळते.

मोठ्या कंपनीची पिल्ले वेगळ्याच कामासाठी असतात, म्हणून त्यांची तुलना थोडक्यात आटोपतो. अंड्यांच्या जातीत फक्त माद्या निवडून मिळतात, पहिल्या दिवशीची लस खात्रीने झालेली असते आणि खोक्यात शंभरामागे दोन पिल्ले जादा टाकण्याची रीत आहे. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी ही पांढरी कोंबडी पिंजऱ्यात, मापून दिलेल्या खाद्यावर तेवढी देते. उकिरड्यावर चरून, मुंगसापासून पळून आणि रात्री बाभळीवर चढून जगणे तिला जमत नाही. ब्रॉयलरचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते आणि त्यानंतर त्याला ठेवण्यात अर्थ नसतो. पाचशे-हजारांचा शेड बांधायचा असेल त्याने घरगुती केंद्राकडे जाऊच नये, कारण तेवढी एका वयाची पिल्ले एका दिवशी काढणे त्यांना शक्य नसते.

यात्रेत किंवा आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले टोपलीतून विकतात, ती अंड्यांच्या जातीतून बाजूला काढलेले नर असतात. मुलांचा हट्ट पुरवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

महिनाभर वाढवलेल्या पिल्लांविषयी मात्र माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी तो मला आळशी माणसाचा पर्याय वाटे. एका दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, पिल्लामागे दोन वॉट असा बल्बचा हिशेब धरावा लागतो, दर आठवड्याला ऊब थोडी कमी करावी लागते आणि रात्री वीज गेली तर उठून शेगडी पेटवावी लागते. ज्याच्या घरी हे करायला माणूस नाही, त्याने एका दिवसाची शंभर पिल्ले आणून तीस गमावण्यापेक्षा महिन्याची पन्नास आणावीत. शिवाय या वयात काही जातींचे नर तुऱ्यावरून ओळखू येऊ लागतात. एका दिवसाच्या गावरान पिल्लांत निम्मे नर धरूनच चालावे लागते. म्हणजे शंभर पिल्लांतून मरतूक वजा जाता अंडी देणाऱ्या पंचेचाळीस कोंबड्या झाल्या तरी हिशेब चांगला जमला म्हणायचे. महिन्याच्या पिल्लांचा धोका एवढाच की विकणाऱ्याने लासोटा आणि गंबोरो खरोखरच दिली का, हे पाहून कळत नाही. बाटल्यांवरच्या तारखा आणि वहीतली नोंद मागावी.

घरी खुडूक कोंबडी असेल तर बारा-पंधरा पिल्लांसाठी यांपैकी कोणाकडेच जाण्याची गरज नाही. तिच्याखाली अंडी बसवावीत. ऊब, राखण आणि चरायचे शिक्षण या तिन्हींची सोय एकाच जागी होते.

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याला मी महिन्याची पिल्ले सुचवीन. ज्याने एकदा ब्रूडर सांभाळला आहे आणि पन्नास-शंभर गावरान पक्षी हवे आहेत, त्याने ओळखीचे घरगुती केंद्र निवडावे. मी तेच करतो. सुधारित जातच हवी आणि वाट पाहण्याची तयारी असेल, तर शासकीय केंद्र बरे.

घरगुती केंद्रात ठरवायचे झाले, तर किमान साडेतीन आठवडे आधी सांगावे, कारण अंडी साठवायला काही दिवस आणि उबायला एकवीस दिवस लागतात. आगाऊ रक्कम देताना कमी पिल्ले निघाली तर काय, हेही बोलून घ्यावे. न्यायच्या दिवशी आधी दुसऱ्या कोणाच्या खुराड्यात जाऊन येऊ नये आणि केंद्रात पायातली चप्पल बाहेर काढावी. मालकाने काढायला सांगितली नाही, तर ती त्याच्या निष्काळजीपणाची खूण समजावी. दहा-बारा पिल्ले हातात घेऊन बेंबी पाहावी, ती कोरडी आणि मिटलेली हवी. पिल्लू उताणे ठेवले की दोन-तीन सेकंदांत उलटून उभे राहायला हवे. पायांची कातडी तुकतुकीत हवी. खोक्याला भोके असावीत आणि शंभरच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असावेत, म्हणजे वळणावर पिल्ले एकमेकांवर कोसळत नाहीत. जुन्या कोंबड्यांपासून नवी पिल्ले दूर ठेवावीत, कारण मरेक्सची लस दिली असली तरी तिचा जोर धरायला आठवडाभर तरी लागतो. खोके घरी उघडण्याच्या दोन तास आधी ब्रूडर पेटवून जमीन गरम करून ठेवावी, आणि पहिल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवून एकेका पिल्लाची चोच हाताने त्यात बुडवावी. शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो. तेवढ्यात मोजणीही होऊन जाते.