क्रॉप कव्हरच्या नावाखाली 31,750 रुपये लुबाडले. बटाटेवाल्यांनो, आधी वजन करा

सहा रोल क्रॉप कव्हरचे (थंडीपासून पीक झाकायचं पातळ कापड) 23,400, ‘थंडीरोधक’ टॉनिकच्या पाच लिटर कॅनचे 6,500, गाडीभाडं 1,850. एकूण 31,750 रुपये गेले. चारचौघांत सांगायची लाज वाटते, पण हा माल विकणारा माणूस अजून गटागटांत जाहिरातीचे तेच व्हिडिओ टाकतोय, म्हणून लिहितोय.

नाशिक जिल्ह्याच्या थंड पट्ट्यात आमचा एकरभर कुफरी पुखराज होता. लवकर निघणारा वाण, उत्तरेतला माल बाजारात उतरायच्या आत काढला तरच चार पैसे सुटतात. पारा घसरायला लागला आणि या कापडाची जाहिरात आली. पुढे ‘मर्यादित साठा’, ‘आधी पैसे’ वगैरे सगळं तुम्हाला माहीतच आहे. मला कबूल केलेला माल होता 30 जीएसएम, रुंदी 1.6 मीटर, लांबी 400 मीटर.

गाडीवाल्याने बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती दिली. तिच्यावर वजन 42 किलो. तिथेच माल परत पाठवायला हवा होता! 30 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 30 ग्रॅम. एका रोलमध्ये 640 चौरस मीटर, म्हणजे 19 किलो 200 ग्रॅम. सहा रोल 115 किलोंच्या वर भरायला हवेत, आणि इथे कॅनसकट 42. तो आकडा डोळ्यांसमोर होता आणि त्याच्याच खाली मी सही केली. पण दिवस मावळायच्या आत कापड अंथरायचं होतं, मजूर बांधावर उभे होते, थंडीच्या लाटेचा इशारा होता. त्या घडीला कोण गुणाकार करत बसेल? तरी मी फोन करून विचारलं. “नवीन तंत्राचं कापड आहे दादा, हलकंच असतं.” अरे, जीएसएम म्हणजेच वजन! हलकं 30 जीएसएम असं काही नसतंच.

नंतर एक चौरस मीटर कापून काट्यावर ठेवलं, 12 ग्रॅम. रोल उलगडून मोजला, 300 मीटर. त्यामुळे कडेचे वाफे उघडेच राहिले होते. त्या रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पानावरचं दव गोठलं. सकाळी पाला उकडल्यासारखा लिबलिबीत, दुपारपर्यंत काळा. झाकलेला आणि उघडा यांत फारसा फरकच नाही. मातीखालचे कंद वाचले, पण पाला गेल्यावर ते पोसणार कशाने? गोळीच राहिली, म्हणजे बारीक बटाटा. ज्या सऱ्यांना संध्याकाळी पाणी दिलं होतं, तिथला पाला त्यातल्या त्यात तगला, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. बुंध्याला मातीची भर चांगली द्या, संध्याकाळी हलकं पाणी द्या, त्याला कुणाची जाहिरात लागत नाही.

आता कार्यालयांचं ऐका. कृषी कार्यालयात म्हणाले, कापड हे बियाणं नाही, खत नाही, औषध नाही, आमच्याकडे येत नाही. मग टॉनिक? 2021 पासून जैव उत्तेजकं, म्हणजे असली पिकाची टॉनिकं, खत नियंत्रण आदेशात आलीत, कॅनवर नोंदणीचा पत्ता नाही, नमुना घ्या म्हटलं. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला आणि “वर कळवतो” म्हणाले. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली? म्हणजे दगड भरून पोतं पाठवलं तरी माल मिळाला! पुन्हा गेलो तर अंमलदार बदललेला, कागद पहिल्यापासून दाखवा. पीक काळं पडलेला शेतकरी रोजंदारी बुडवून किती दारं झिजवणार? फसवणारा एका फोनवर पैसे नेतो, आणि तक्रार नोंदवायलासुद्धा मला साहेब जागेवर असण्याची वाट बघावी लागते. याचा मला त्या चोराइतकाच राग आहे.

पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. काटा लावल्याशिवाय बिल्टीवर सही नको, आणि सही केलीच तर वजन कमी असल्याचा शेरा मारूनच. दव गोठणं थांबवणारं टॉनिक म्हणून कुणी काही विकत असेल तर फोन ठेवा. प्लास्टिकचा कागद पाल्याला टेकवून टाकू नका, टेकलेली पानं आधी जातात. कापड दिवस मावळायच्या आत टाका, कडा मातीने दाबा.

2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पोटापाण्यासाठी शेती करणारा ग्राहकच ठरतो, ‘व्यापारी खरेदी’ म्हणून कुणी हाकललं तर ऐकू नका. बिल्टी, कापडाचा तुकडा आणि एक रोल मी ठेवलाय. अर्ज लिहून तयार आहे. याच माणसाकडून आणखी कुणी माल घेतला असेल तर बिल्टी फाडू नका, रोलचं वजन करून लिहून ठेवा.