घरच्या आयपीएसाठी इलेक्ट्रिक केटल: नऊ महिने आणि १३ बॅचनंतर

घरी बिअर करायला मागच्या ऑगस्टमध्ये ३५ लिटरची ऑल-इन-वन इलेक्ट्रिक ब्रूइंग केटल घेतली. एकाच भांड्यात मॅश (दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) पण होतो आणि उकळी पण, आत जाळीचं भांडं असतं त्यात धान्य भिजतं, खालचा पंप पाणी वर फिरवत राहतो. त्याआधी दोन वर्षं गॅस बर्नरवर मोठं पातेलं आणि कापडी पिशवी असा कारभार होता. आम्ही पोर्टलंडला राहतो, ओरेगनमध्ये, इथे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) म्हणजे घरचंच पीक, गाडी काढली की तासाभरात हॉप्सच्या शेतात पोचता येतं. नऊ महिन्यांत १३ बॅच झाल्यात, त्यातल्या ११ पेल एल (फिकट रंगाची बिअर) नाहीतर आयपीए (इंडिया पेल एल, तीच पण हॉप्स जास्त), त्यामुळे आता नीट लिहिता येईल असं वाटतंय. कंपनीचं नाव देत नाहीये कारण या किमतीतली भांडी आतून बरीचशी सारखीच असतात आणि मी जे सांगतोय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

आधी मुद्द्याचं सांगतो. केटल चांगली आहे, परत घ्यायची वेळ आली तर परत घेईन. पण माझी आयपीए जी सुधारली ती मुख्यतः उकळी संपल्यानंतरच्या कामामुळे, म्हणजे बिअर गार झाल्यावर तिला हवा किती लागू दिली आणि हॉप्स कधी, किती तापमानाला, किती दिवस ठेवले त्यामुळे. हे मला सातव्या बॅचला कळलं, आणि नवीन कोणी सुरू करत असेल तर त्याला पहिल्याच बॅचला कळावं म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आता केटल. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, त्यामुळे हीटर फक्त १६०० वॉटचा. नळाचं थंड पाणी मॅशच्या तापमानाला यायला तास, आणि मॅश झाल्यावर २७ लिटर उकळायला परत जवळपास तास. भारतात किंवा युरोपात २३० व्होल्टवर जास्त वॉटचं मॉडेल मिळतं, तिथे हा त्रास कमी. पहिल्या तीन बॅचना उकळी नुसती बुडबुडत होती, खळखळ नाहीच, मग बाहेरून गुंडाळायचं इन्सुलेशन जॅकेट घेतलं आणि फरक लगेच दिसला. ते सोबतच घ्या, नंतर बघू म्हणू नका. आणि स्वतंत्र सर्किटवर लावा, १६०० वॉट म्हणजे १३ अँपियरच्या वर जातं, आमच्या गॅरेजमध्ये त्याच लाइनवर डीप फ्रीझर होता, मॅशच्या मध्यात ब्रेकर पडला आणि मी वर जेवत असल्यामुळे २० मिनिटं कळलंच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तापमानाचा सेन्सर तळाला आहे. डिस्प्लेवर ६७ अंश दिसतं तेव्हा धान्याच्या मधोमध वेगळा थर्मामीटर खुपसला तर ६३-६४ निघतं. हॉपी बिअरमध्ये हा फरक छोटा नाही, कारण मॅश जितका कमी तापमानाला तितकी साखर यीस्टला जास्त खाता येते आणि बिअर कोरडी होते, वर गेलात की अंगाने भरीव. आता मी पंप हळू ठेवतो आणि दर १५ मिनिटांनी धान्य खालीवर करतो, फरक एका अंशावर आलाय. ओट्स घातले की पीठ तळाला बसून करपतं आणि हीटर स्वतःच बंद पडतो, मग रीसेटचं बटण भांड्याच्या बुडाशी, आणि वर ३० लिटर गरम वर्ट (मॅशमधून निघालेलं गोड पाणी)! चौथ्या बॅचला हे झालं, सगळं मगाने बादलीत उपसावं लागलं. तेव्हापासून ओट्स असतील तर धान्य जरा जाडसर दळून घेतो आणि उकळी यायच्या आधी लांब पळीने तळ खरवडतो, दूध तापवताना खरवडतो तसंच. पंपात हॉप्सचा गाळ अडकतो, त्यावर उपाय जाळीचा डबा. बाकी धुवायला सोपी, चोथा जाळीसकट उचलला जातो. तो चोथा ओव्हनमध्ये वाळवून, बारीक दळून, चाळून भाजणीत चार भागाला एक भाग घातला तर थालीपीठ खरंच खमंग होतं. फक्त उकळलेल्या हॉप्सचा गाळ कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, अंगात भयंकर ताप चढतो.

सप्टेंबरमध्ये आई नाशिकहून आली होती. तेव्हा इथे हॉप्सची काढणी असते आणि ओल्या हॉप्सची बिअर फक्त त्याच दिवसांत करता येते, कारण तोडलेले कोन (हॉप्सची फुलं) दिवसभरात वापरावे लागतात. विलॅमेट व्हॅलीतल्या एका शेतावरून सव्वा किलो ओले कॅस्केड (हॉप्सची एक जात) आणले, सुक्याच्या पाच-सहा पट लागतात कारण त्यात पाणीच जास्त. आईने एक कोन घेतला, तळहातावर चुरडला, आतली पिवळी पूड बोटांना चिकटली, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अरे, हा तर कैरीच्या चिकाचा वास!" मी दोन वर्षं या वासाला पाइन, ग्रेपफ्रूट, राळ असले पुस्तकी शब्द वापरत होतो, आणि देठ मोडल्यावर कैरीतून जो चीक उडतो तोच हा, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. नंतर वाचलं तर हॉप्सच्या तेलातलं मिरसीन आंब्यातही असतं. हे कॅस्केड इथलंच आहे, कॉर्व्हॅलिसच्या सरकारी संशोधनातून १९७२ साली बाहेर आलं, आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडा या ब्रुअरीच्या पेल एलमधून लोकांच्या तोंडी बसलं. ती बॅच हिरवट, ताज्या गवतासारखी झाली, दोन आठवड्यांत संपली.

आता मुख्य विषय, जिथे माझं नुकसान झालं. तिसरी बॅच हेझी (मुद्दाम गढूळ दिसणारी), फळांच्या वासाची आयपीए, १५० ग्रॅम सिट्रा आणि मोझॅक हॉप्स घातलेली. बाटल्या भरल्या त्या दिवशी रंग पिकलेल्या पपईसारखा आणि वास असा की बायको वरच्या मजल्यावरून विचारत होती काय कापलंयस. पाच आठवड्यांनी तीच बिअर ग्लासात ओतली तर रंग उकळून ठेवलेल्या चहासारखा, वास गेलेला, मागे ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. संसर्ग नव्हता, आंबट नव्हती, फक्त हवा लागली होती. बादलीतून बादलीत ओतणं, झाकण उघडून डोकावणं, फ्रिजमध्ये गार करताना फर्मेंटरने (बिअर आंबवायच्या भांड्याने) एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढणं, सगळं मिळून. साध्या पोर्टरला (गडद बिअर) हे थोडंफार चालून जातं, हॉप्सचा वास मात्र पहिल्यांदा मरतो.

उपाय म्हणून जुना १९ लिटरचा केग (धातूचं बंद पिंप) आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतला. केग सॅनिटायझरने काठोकाठ भरायचा, मग ते पाणी गॅसने ढकलून बाहेर काढायचं म्हणजे आत फक्त गॅस उरतो, आणि बिअर फर्मेंटरमधून नळीने खालून आत घ्यायची, कुठेच उघडी न पडता. हे आठव्या बॅचपासून करतोय. आठव्या बॅचची शेवटची बाटली केगमधून काढून मुद्दाम दहा आठवडे ठेवली होती, रंग तसाच होता आणि वास थोडा उतरलेला पण जिवंत. या एका बदलाने जे झालं ते कुठल्याही महागड्या हॉप्सनी झालं नसतं.

आणि पाचवी बॅच, हे लक्ष देऊन वाचा कारण यात इजा होऊ शकते. १७० ग्रॅम ड्राय हॉप (आंबून झालेल्या बिअरमध्ये हॉप्स भिजत घालणं), २० अंशाला सात दिवस, आधी ग्रॅव्हिटी (घनता, यावरून साखर किती उरली ते कळतं) १.०१४ मोजली होती म्हणून हॉप्सनंतर परत न मोजता प्रायमिंग साखर (बाटलीत गॅस व्हावा म्हणून) घालून बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तर अर्धी बिअर छताला. फेस बसल्यावर मोजलं तर १.००९. हॉप्समध्येच एन्झाइम असतात, यीस्टला न पचणाऱ्या साखरा ते तोडून देतात आणि झोपलेलं यीस्ट परत कामाला लागतं. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ सालीच हे लिहून ठेवलं होतं, मधल्या काळात लोक विसरले, आता हॉप क्रीप म्हणून परत सगळ्यांच्या तोंडी आहे. १.०१४ ते १.००९, हे पाच पॉइंट म्हणजे बाटलीत दुप्पट गॅस, काच फुटू शकते. जाड हातमोजे आणि चष्मा घालून सगळ्या बाटल्या आधी रात्रभर गार केल्या आणि एकेक करून टॉवेलखाली उघडून ओतून दिल्या, ४० बाटल्या. यातच लोण्यासारखा वासही येतो, डायअसिटिल. आता हॉप्स १४ अंशाला तीनच दिवस, नंतर परत १८-१९ वर आणून ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलत नाही हे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. कमी दिवसांत वास कमी येईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही, उलट तुरटपणा गेला.

रेसिपीचे प्रयोग हा माझा सगळ्यात आवडता भाग. नियम एकच पाळला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. केटलचा खरा उपयोग इथे होतो, कारण मॅशचं तापमान आणि वेळ दरवेळी तीच ठेवता येते, मग चवीत जो फरक पडला तो कशाने हे सांगता येतं. गॅसवर हे शक्यच नव्हतं.

सगळ्यात यशस्वी झाले ते जाडे पोहे. दुकानात फ्लेक्ड राइस म्हणून जे महाग पाकीट मिळतं ते आणि बीव्हरटनच्या भारतीय दुकानातले पोहे, काम एकच. भात भिजवून, भाजून किंवा वाफवून कांडलेला असल्यामुळे स्टार्च आधीच फुललेलं असतं, वेगळं शिजवावं लागत नाही, सरळ मॅशमध्ये. नवव्या बॅचची रेसिपी देतो, २० लिटरसाठी: टू-रो माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ४.६ किलो, जाडे पोहे ७०० ग्रॅम, व्हिएन्ना माल्ट २०० ग्रॅम, ६५ अंशाला एक तास. उकळीच्या सुरुवातीला २५ ग्रॅम कोलंबस हॉप्स. हीटर बंद करून ८० अंशापर्यंत खाली आणायचं आणि मग ६० ग्रॅम सेंटेनिअल आणि सिमको हॉप्स मिळून, २० मिनिटं. उकळत्यात घातलं तर तेलं वाफेबरोबर उडतात आणि कडवटपणा वाढत जातो, ८० ला कडवटपणा थोडाच येतो आणि वास राहतो. यीस्ट यूएस-०५, १८ अंश. शेवटी ड्राय हॉपला सिमको आणि सिट्रा ५०-५० ग्रॅम. १.०६० वरून १.०१० वर आली, साडेसहा टक्के अल्कोहोल. एकदम कोरडी, लख्ख, कडवट, घोट संपल्यावर तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घोट हवासा वाटतो. इथल्या शेजाऱ्यांना तीच सगळ्यात आवडली.

पाण्याबद्दल थोडक्यात. पोर्टलंडचं बुल रनचं पाणी फार मऊ आहे, त्यामुळे काय घालायचं ते आपल्या हातात. ३० लिटरला ८ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, कडवट कोरड्या आयपीएला. हेझी बिअरला याच्या बरोबर उलट, क्लोराइड जास्त. सल्फेटने कडवटपणा धारदार होतो, आयपीए ज्या गावामुळे नावाजली त्या इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी असंच जिप्समचं होतं, आणि तिथल्या बिअरची पिंपं पुढे मुंबई-कलकत्त्याला उतरायची. आमच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेलं क्लोरिनचं रसायन) असतं, ते आधी सल्फाइटच्या अर्ध्या कॅम्पडेन गोळीने मारतो, नाहीतर बँडेजसारखा वास येतो.

गुळाचा प्रयोग फसला नाही पण हॉपी बिअरमध्ये परत करणार नाही. ४०० ग्रॅम कोल्हापुरी गूळ घातला, गोडी सगळी यीस्टने खाल्ली आणि मागे राहिलेली खारट-मातकट चव हॉप्सशी भांडत होती. काळ्या बिअरला छान लागेल.

एक कायद्याचं, कारण पुण्याहून भावाने विचारलं की मी पण करू का. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी घरच्या बिअरला परवानगी नव्हती, १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हा मिळाली, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे त्याला मी स्पष्टच "नको" म्हणून सांगितलं.

सध्या फर्मेंटरमध्ये तेरावी बॅच आहे, पेल एल, त्यात व्हर्लपूलला (उकळीनंतर हीटर बंद करून हॉप्स घालतात तेव्हा) १२ ग्रॅम धणे नुसते रगडून घातलेत. धण्यात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य भरपूर असतं आणि तेच हॉप्समध्येही असतं, म्हणून कॅस्केडबरोबर जुळेल असा अंदाज. अर्ध्या वर्टमध्ये धणे, अर्धं तसंच, दोन वेगळ्या फर्मेंटरमध्ये, यीस्ट तेच. काल नळीतून घोटभर काढून दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो. धण्याच्या ग्लासात संत्र्याची साल आणखी ठळक येते आणि धणे म्हणून वेगळे ओळखू येत नाहीत. शनिवारी ड्राय हॉप, मग तीन दिवस थांबायचं.