जीएम अन्नपदार्थ : एका नावाखाली विकली जाणारी वेगवेगळी उत्पादने

जनुकीय सुधारित (जीएम) अन्नाला सरसकट चांगले किंवा वाईट ठरवणारे अभिप्राय वाचताना वाटते, की लिहिणाऱ्याने उत्पादन नीट पाहिलेलेच नाही. किडीला मारणारे प्रथिन स्वतःच्या पेशींत तयार करणारा मका, तणनाशकाची फवारणी सोसणारे सोयाबीन, विषाणूला दाद न देणारी पपई आणि कापल्यावर काळे न पडणारे सफरचंद यांना एकच शेरा लावता येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या बाबतीत मी एवढेच तपासले, की केलेल्या बदलाचा लाभ कोणाला होतो आणि त्यातली जोखीम कोणाच्या वाट्याला येते.

या कसोटीवर अमेरिकेतील हवाई बेटांवरची ‘रेनबो’ पपई सर्वांत उजवी ठरते. १९९२ मध्ये तेथील पुना भागातल्या बागांत रिंगस्पॉट विषाणू शिरला आणि थोड्याच वर्षांत पपईचे पीक संपण्याची वेळ आली. वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक पपईत घालून रोगाला तोंड देणारे वाण तयार केले होते, ते १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाले आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. विषाणूची लागण झालेली पपई लोक पूर्वीपासून खातच होते, त्यामुळे हे प्रथिन माणसाच्या आहारात नवे नव्हते. सुरक्षिततेचा इतका सरळ पुरावा फार थोड्या उत्पादनांना देता येतो.

तणनाशक सोसणाऱ्या सोयाबीनबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. १९९६ पासून पिकणाऱ्या या वाणाने शेतकऱ्याची निंदणी वाचवली, जमिनीची नांगरटही कमी झाली. खाणाऱ्याच्या पदरात मात्र चव, पोषण यांपैकी काहीच अधिक पडले नाही. एकाच रसायनावर वर्षानुवर्षे विसंबल्यामुळे ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारी तणे फोफावली आणि फवारणीचा भार पुन्हा वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, तर युरोपच्या आणि अमेरिकेच्या नियामक संस्थांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद रसायनाचा आहे, जनुकाचा नव्हे, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण ताटात दोन्ही एकत्रच येण्याची शक्यता असल्यामुळे ग्राहकाने या वादाकडे दुर्लक्ष करावे असे मला वाटत नाही.

ॲलर्जीची भीती निराधार नाही. सोयाबीनचे पोषणमूल्य वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नटचे जनुक घालण्यात आले, तेव्हा त्या नटची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्ततपासणीत नव्या सोयाबीनलाही प्रतिक्रिया दिसली. हा निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते बियाणे बाजारात आलेच नाही. येथे चाचणीने आपले काम केले. याउलट, केवळ पशुखाद्यासाठी परवानगी असलेला ‘स्टारलिंक’ हा जीएम मका २००० मध्ये अमेरिकेत माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि ते पदार्थ परत मागवावे लागले. माणसांना त्यातून ॲलर्जी झाल्याचे सिद्ध झाले नाही, तरीही साठवण आणि वाहतुकीत दोन प्रकारचे धान्य वेगळे ठेवण्याची हमी किती कच्ची होती, हे त्यातून उघड झाले, आणि मला हा दोष गंभीर वाटतो.

बाजारात असलेले जीएम पदार्थ पारंपरिक पदार्थांपेक्षा आरोग्याला अधिक घातक असल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१६ च्या अहवालात काढला आणि तो मला पटतो. माझी तक्रार लेबलाबद्दल आहे. युरोपीय संघात घटकातील जीएम अंश ०.९ टक्क्यांहून अधिक असेल, तर तसे छापावे लागते. अमेरिकेत २०२२ पासून ही माहिती देणे सक्तीचे झाले, पण शब्दांऐवजी मोबाइलने वाचायचा कोड छापण्याची मुभाही नियमात ठेवली गेली. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला असा कोड पुरेसा नाही. शिवाय ‘जीएम’ एवढाच शब्द छापला, तरी कोणते जनुक आणि कशासाठी घातले, हे त्यातून कळत नाही. रेनबो पपई मी निःशंकपणे खाईन, आणि शुद्धीकरणात प्रथिने व डीएनए जवळजवळ पूर्ण निघून जात असल्याने जीएम सोयाबीनचे रिफाइंड तेलही वापरीन. अख्ख्या सोयाबीनच्या पाकिटावर मात्र बदलाचा उद्देश आणि तणनाशकाच्या अवशेषाचे मोजलेले प्रमाण, या दोन ओळी मला हव्या आहेत.