घडीची काठी, नऊ महिन्यांनंतर: ‘टक्‌’ नक्की कुणाचं?

सरळ मुद्द्यावर येते. चालताना आधाराला घेतलेली ही काठी टक्‌ वाजते. बाकी घडीची ॲल्युमिनियमची काठी कशी असते, चार तुकडे, आतून इलॅस्टिकची दोरी, उंचीसाठी बटण आणि भोकं, हे सगळ्यांना माहितीये, ते परत लिहीत बसत नाही. पण टक्‌बद्दल कुणीच काही लिहिलेलं दिसलं नाही म्हणून मी लिहितेय, आणि जरा सविस्तरच लिहिणारे.

आधी माझं थोडं. वय ३६, डावा खुबा, हिप डिस्प्लेसिया. जन्मापासूनचं, पण कळलं ३४ व्या वर्षी. त्याआधी सात-आठ वर्षं जांघेत दुखायचं, तर कुणी स्नायू म्हणालं, कुणी कंबर म्हणालं, एक जण तर वजन कमी करा म्हणाले (वजन तेव्हा ५४ किलो, काय कमी करू?). शेवटी एका डॉक्टरांनी नुसतं विचारलं, कुठे दुखतं दाखवा, आणि मी अंगठा मागे, बोटं पुढे करून अख्खा खुबाच पंजात धरला. ते म्हणाले, एक्स-रे काढू. सांध्याच्या आतलं दुखणं असलेली माणसं म्हणे बऱ्याचदा असाच हात लावून दाखवतात.

शाळेत उखळीचा सांधा शिकलोय आपण, मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याला पोटात घेणारी वाटी. माझ्याकडे वाटीच्या जागी बशी आहे, एवढंच. गोळ्यावर पुरेसं छप्पर नाही. हे मोजायला एक कोन असतो, विबर्ग नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं १९३९ मध्ये सांगितलेला. तो २५ अंशांच्या वर असेल तर ठीक, २० च्या खाली गेला की डिस्प्लेसिया. माझा १७. म्हणजे जे वजन अख्ख्या वाटीवर पसरायचं ते माझ्या केसमध्ये कडेच्या चिंचोळ्या पट्टीवर येतं, आणि त्या कडेला लॅब्रम नावाची गास्केटसारखी किनार असते ती इतकी वर्षं ताण खाऊन खाऊन फाटलीये. जास्त वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं गंजलेल्या गेटसारखी, मांडी घालून बसायचं तर उठताना भिंत लागते, आणि कुशीवर झोपायचं तर गुडघ्यांत उशी.

फिजिओनं सांगितलं, लांब चालायचं असेल तेव्हा काठी वापर. मी वर्षभर टाळलं. मग घेतली ती मुद्दाम घडीची, कारण ती बॅगेत जाते आणि कुणाला दिसत नाही. खरं कारण हेच, हलकी वगैरे नंतर.

पहिल्या चार महिन्यांनंतर मी जो रिव्ह्यू लिहिला होता तो अजून फोनमध्ये ड्राफ्ट पडलाय. पूर्ण मजकूर असा: “उपयोग शून्य, वर आवाज. एक स्टार.”

आवाज म्हणजे कसा सांगते. काठी टेकवून वजन टाकलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या जोडात टक्‌. उचलली की कधीकधी अजून एक, बारीक. रस्त्यावर नाही जाणवत. पण ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये, हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये, रात्री घरात पाणी प्यायला उठलं तर टक्‌ टक्‌ टक्‌. शेजारच्या टेबलावरची मुलगी न बघता म्हणायची, आलीस का. ज्या काठीनं मला लपवायचं ती माझी वर्दी देत फिरत होती, चिडणार नाही तर काय.

कस्टमर केअरला फोन केला. “मॅडम, काठी पूर्ण उघडा.” उघडली. “जोड नीट बसलेत बघा.” बसलेत. “वजनमर्यादेत वापरा.” अहो ५४ किलो. मग मेल, मग दुसरा मेल, मग तिसऱ्या मेलला उत्तर की व्हिडिओ पाठवा. बहिणीला पॅसेजमध्ये उभं केलं, फोन खाली धरायला लावला, इकडून तिकडे तीन चकरा मारल्या, आवाज स्वच्छ रेकॉर्ड झाला. पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: “व्हिडिओमध्ये काठी हवेत असतानाही आवाज येत आहे, त्यामुळे हा काठीतील दोष मानता येत नाही.”

मी जाम भडकले. खोटारडे म्हटलं. मग व्हिडिओ लावला, दहा वेळा, वीस वेळा, शेवटी हळू करून बघितला. काठी हवेत. डावा पाय मागून पुढे येतोय. टक्‌.

तो माझा आवाज होता.

आता यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही पण पुढचे दोन आठवडे मी फक्त हेच केलंय. काठी न घेता उभं राहून डावा गुडघा वर उचलायचा आणि सावकाश खाली आणायचा: टक्‌, जाडसर, जांघेत आतून बोटाला लागणारा. मग खुर्चीवर बसून काठी जमिनीवर दाबायची: टक्‌, पातळ, पत्र्याचा. म्हणजे टक्‌ दोन आहेत! आणि चालताना ते एकामागोमाग येतात म्हणून मला एकच वाटत होता. आईला डोळे मिटायला लावून दोन्ही ऐकवले, ती म्हणाली दोन्ही सारखेच वाटतात, झोप आता. डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याच्या पुढून जाणारा स्नायूबंध हाडावरून सरकतो त्याचा आहे, नुसता वाजत असेल आणि दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नका. ठीक. पण काठीचा टक्‌ उरतोच ना. तो मी परत मेलमध्ये लिहिला, वेगळा व्हिडिओ जोडला, ज्यात मी बसलेली आहे आणि पाय फ्रेममध्येच नाहीत. त्याचं उत्तर आजतागायत नाही.

इथून पुढे माझं मत बदललंय त्यामुळे वरचं वाचून लगेच निर्णय घेऊ नका.

झालं असं की तो पहिला व्हिडिओ मी मोठ्या तावातावानं फिजिओला दाखवला. तिनं आवाजाकडे लक्षच दिलं नाही. म्हणाली, “काठी डाव्या हातात का धरलीयस?” म्हटलं, डावा खुबा दुखतो, आणि उजवा हात मोकळा लागतो, फोन, किल्ल्या, बॅग. ती कपाळावर हात मारायची फक्त बाकी होती. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची असते! चार महिने! मी! जी बटाट्याच्या सोलाण्याचंसुद्धा माहितीपत्रक वाचते!

कारण तिनं दार दाखवून सांगितलं. दार बिजागरीजवळ ढकलून बघ, मग कडीजवळ ढकलून बघ. आपण एका पायावर असतो तेव्हा, आणि चालताना दर पावलाला असतोच, कंबर दुसरीकडे कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू तिला धरून ठेवतात. ते सांध्याच्या अगदी जवळ, म्हणजे बिजागरीपाशी ढकलणारे, त्यामुळे त्यांना प्रचंड जोर लावावा लागतो. तो जोर आणि अंगाचं वजन मिळून सांध्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. उजव्या हातातली काठी म्हणजे कडीपाशी लावलेला हात, लांबून, त्यामुळे थोडकं दाबलं तरी त्या स्नायूंचं काम बरंच हलकं होतं. डाव्या हातात धरून मी काय करत होते? दर पावलाला डावीकडे झुकत होते. ते झुकणं नवीन नाही म्हणा, ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं १८९५ मध्येच कंबर अशी का कलते ते लिहून ठेवलंय, मी फक्त काठी घेऊन ते अजून नीट करत होते.

हात बदलल्यावर पहिले दोन दिवस वेड्यासारखे गेले. काठी आणि डावा पाय एकत्र पुढे, मग उजवा. विचार केला की चुकतं. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, हे मी पहिला आठवडा पुटपुटत करत होते, लोकांना वाटलं असेल मंत्र म्हणतेय. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की मी चाळीस मिनिटं चाललेय. आधी पंधरा मिनिटांत बसायला जागा शोधायचे.

उंचीही चुकीची होती. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. माझी दोन भोकं वर होती, म्हणून खांदा दुखायचा आणि मी त्याचाही राग काठीवर काढला होता. (एक नशीब, तळहाताच्या आकाराची मूठ घेणार होते ती घेतली नाही. ती डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते, आज कपाटात पडली असती. सरळ मुठीला हाताचं काही पडलेलं नाही.)

आता रबराबद्दल, कारण पैसे तिथे जातात. खालचं रबर चार महिन्यांत एका बाजूनं असं झिजलं होतं जसं खोडरबर कोपऱ्यातून झिजतं, आतली नळी दिसायचीच बाकी. कंपनीला विचारलं तर सुटं रबर मिळत नाही, नवीन काठी घ्या. वा! चप्पल झिजली म्हणून पाय बदला. पट्टी घेऊन नळीचा बाहेरचा व्यास मोजला, १९ मिलिमीटर. तेवढ्या आतल्या व्यासाचं कुठल्याही साध्या काठीचं रबर चालतं, बसलं, घट्ट बसलं. आणि हे नवीन रबर पाच महिन्यांनी चारी बाजूंनी सारखं झिजलंय. मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा ते बघून जास्त बरं वाटलं, उलटं करून दोन-तीन जणांना दाखवलंसुद्धा. फक्त ओल्या फरशीवर कुठलंही रबर भरवशाचं नाही, आणि खाचा पुसल्या गेल्या की बदलायचं, तिथे काटकसर करू नका. हे मी सांगतेय म्हणजे बघा.

टक्‌चा उपाय: सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापायची, जोडाच्या आत जाणाऱ्या तोंडावर एक वेढा द्यायचा, मग जोड बसवायचा. दोन वेढे दिले तर तो पूर्ण बसत नाही आणि ते धोक्याचं आहे, एकच. साधारण सहा आठवडे शांत राहते. सध्या तिसरी पट्टी चालू आहे. नवीन काठी घेणार नाही, आता हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

लोकांचं म्हणाल तर “पडलीस का?” हा एकच प्रश्न येतो. आधी मी वाटी-बशी समजावायचे. आता हो म्हणते.

रेटिंग एकचं साडेतीन केलंय. अर्धा टक्‌चा कापला, एक त्या न आलेल्या उत्तराचा.

काठीनं वाटी खोल होत नाही हे मला माहितीये. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे, पीएओ, म्हणजे वाटीच्या भोवतीचं हाड कापून ती फिरवून गोळ्यावर नीट आणायची आणि स्क्रूंनी बसवायची. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गान्झ नावाच्या सर्जननं आणि त्यांच्या टीमनं सुरू केलेलं. माझं कूर्चेचं अस्तर अजून टिकून आहे म्हणून मला ते करता येतंय, झिजून गेलं असतं तर सांधाच बदलावा लागला असता. नंतर सहा ते आठ आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकायचं नाही, म्हणजे दोन कुबड्या. त्यांचं रबर किती मिलिमीटरचं असतं ते विचारून ठेवलंय, आणि सुटं मिळतं हेही लेखी घेतलंय. फिजिओकडे ट्रायलला ठेवलेली जोडी मी परवा वजन टाकून बघितली. डावी वाजते.