मधला ओटा की ओट्यामागे दगड? स्वयंपाकघर ठरवताना

धाकट्या जावेचं घर बेळगावात उठतंय. साइट तीस-चाळीसची, स्वयंपाकघर आतल्या मापाने १० बाय ११. इंटिरियरवाल्याने तिला चित्र दाखवलं: मध्यभागी चकचकीत ओटा, भोवती उंच स्टुलं, गॅसमागे पांढऱ्या टाइल्स. रात्री तिचा फोन आला, "अक्का, आयलंड, म्हणजे हा मधला ओटा, करू की नको?" तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण खानापूर, निपाणीकडच्या ओळखीच्या घरांतही सध्या हाच खल चालू आहे.

माझं मत आधीच सांगते. खोलीला १२ फूट मोकळी रुंदी नसेल तर मधला ओटा नको. त्याचे पैसे ओट्यामागच्या भिंतीला ग्रॅनाइट लावायला घाला.

हिशोब साधा आहे. भिंतीलगतचा ओटा २ फूट. त्याच्यासमोर उभं राहून खालचा ड्रॉवर पूर्ण ओढायचा आणि मागून कुणी कढई घेऊन जायचं, तर साडेतीन फूट लागतात. मधला ओटा ३ फूट. पलीकडे परत साडेतीन. झाले १२, आणि फ्रिज अजून दाराबाहेरच आहे. हे माप दोन-दोन इंच चोरून बसवलेली स्वयंपाकघरं मी पाहिली आहेत. तिथे दोन बायका एका वेळी काम करू शकत नाहीत.

मधल्या ओट्याचे फायदे खोटे नाहीत. भाजी चिरताना तोंड भिंतीकडे नसतं, मुलं समोर बसून अभ्यास करतात, खाली दोन ट्रॉल्या जास्तीच्या मिळतात. १४-१५ फुटांची खोली असेल तर जरूर करा. पण आपल्याकडे जमीनही कामाची जागा आहे. दिवाळीत करंज्या लाटायला चौघी बसतात, उन्हाळ्यात शेवया, सांडगे, पोतंभर शेंगा फोडायच्या असतात. मधला ओटा एकदा बांधला की ती बैठक गेली. गुडघ्यांमुळे खाली बसणं जमत नसेल तर ४ बाय अडीचचं टेबल घ्या. बसून काम होतं, आणि गणपतीत पाहुणे आले की भिंतीला सरकवता येतं.

लहान स्वयंपाकघर म्हणजे तडजोड, असं मानू नका. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेलं स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. आजच्या फिटेड किचनचं मूळ तिथे आहे. गॅस, सिंक आणि फ्रिज या तिन्हींमधलं अंतर मिळून १३ ते २६ फूट असावं असा एक जुना ठोकताळा आहे. १० बाय ११ मध्ये एल आकाराचा ओटा घातला की तो आरामात बसतो, आणि वाटेत काही आडवं येत नाही.

आता दगडाचा हिशोब. मधल्या ओट्याचा माथा ५ बाय ३, म्हणजे १५ चौरस फूट. दोन बाजूंना दगड खाली सोडला तर आणखी १७-१८. जावेच्या एल ओट्यामागची भिंत खिडकी वजा जाता १३ फूट, वरच्या कपाटापर्यंत उंची २ फूट, म्हणजे २६ चौरस फूट. बाजू धरल्या तर मधल्या ओट्याचा दगड भिंतीला पुरून उरतो.

पण भिंतीला दगडच का, टाइल्स का नकोत? टाइल्स स्वस्त पडतात, एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते, आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइलने उजेड वाढतो. अडचण टाइलची नसून सांध्याची आहे. माझ्या खानापूरच्या घरात अकरा वर्षं डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, टाइल्स होत्या. टाइल शेवटपर्यंत नवीन दिसायची, पण गॅसमागच्या चार ओळींतलं पांढरं सिमेंट हळदीच्या डागासारखं पिवळं पडलं होतं. दर शनिवारी जुना टूथब्रश आणि खायचा सोडा घेऊन मी त्या रेघा घासायचे. फोडणीच्या तेलाचा थर निघायचा, रंग निघायचा नाही. सिंककडच्या रेघा पावसाळ्यात काळ्या व्हायच्या. खानापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला ही बुरशी वेगळी सांगायला नको. दगड बसवल्यापासून रात्री साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं एकदा फिरवते, काम संपलं.

बजेट अगदीच ताणलेलं असेल तर मधला मार्ग आहे. गॅसमागे फक्त ४ फूट ग्रॅनाइट, बाकी भिंतीला २ बाय ४ फुटांच्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि सांध्यात पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट. या टाइल्स अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतात आणि सांधे मोजकेच राहतात. नुसती चार इंचाची दगडी पट्टी आणि वर ऑइलपेंट मात्र करू नका. तेल चार इंचांवर थांबत नाही.

दगड कुठला, यात लोक जास्त फसतात. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर ही चुनखडीच्या घराण्यातली मंडळी, आंबट लागलं की झिजणारी. सासूबाईंनी हौसेने सिंकमागे पांढरा संगमरवर लावला होता. माशाच्या आमटीसाठी आमसुलं भिजत घातलेली वाटी एकदा त्याला टेकून रात्रभर राहिली, आणि सकाळी चंद्रकोरीएवढी जागा निस्तेज झालेली दिसली. किती घासलं तरी गेली नाही, कारण तो डाग नव्हताच, पॉलिश खाल्लं गेलं होतं. कडप्पा ओट्याखालच्या फळ्यांना उत्तम, तिथेच ठेवा. क्वार्ट्झ दिसायला देखणा, आंबटालाही दाद देत नाही, पण तो दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) यांचा बनवलेला असतो. मोठ्या बर्नरच्या सततच्या आचेने रेझिन पिवळं पडतं, तेव्हा गॅसमागे तो नको. राहिला ग्रॅनाइट. आच सोसतो, लिंबू-चिंच सोसतो.

रंगाबद्दल एक सांगते. इलकल म्हटलं की आपल्याला साडी आठवते, पण बागलकोट जिल्ह्यातल्या त्याच गावाकडचा लाल ग्रॅनाइट दूरवर जातो. सुंदर आहे, फक्त उत्तरेच्या एकाच खिडकीच्या खोलीत भिंतभर लावला तर अंधारून येतं. एकदम काळाभोरही टाळा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके त्याच्यावर लगेच उठून दिसतात. करडा किंवा तपकिरी, बारीक दाण्याचा आणि पॉलिश केलेला घ्या. लेदर फिनिश हाताला छान लागतं, पण त्याच्या खळग्यांत तेल बसतं.

वखारीत जाताना पिशवीत लिंबू, पाण्याची बाटली आणि नेलपॉलिश रिमूव्हर न्या. तुकडा मागा आणि त्यावर लिंबू पिळून पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर निस्तेज झाला तर तो ग्रॅनाइट नाही. दुसऱ्या जागी पाण्याचे थेंब ठेवा. दगड तिथे गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) मारावा लागेल. रिमूव्हरने ओलं केलेल्या पांढऱ्या कापडाला काळा रंग लागला तर दगडाला रंग चढवलेला आहे. सरळ पुढच्या वखारीत जा.

बसवताना घाई नको. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. २६ चौरस फुटांचे ११७ किलोच्या आसपास होतात, आणि बराचसा भार ओट्यावर येतो. भिंत आधी कोरडी हवी. बाहेरून ओल येत असेल किंवा लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारा पांढरा खार) लागला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. दगडामागे लोणा दडतो, जात नाही. सांधा कोपऱ्यात किंवा खिडकीच्या कडेला घ्या, गॅसमागे कधीच नको. आणि प्लगच्या जागा दगड कापण्यापूर्वी पक्क्या करा. आमच्या गवंड्याने मला तेव्हाच बजावलं होतं, "वैनी, भिंतीला बसल्यावर भोक मारायला सांगू नका, तडा गेला तर अख्खी पट्टी जाते." चिमणीचे स्क्रूसुद्धा यात धरा.

परवा जावेच्या घरी जाऊन प्लास्टरवर खडूने पाच चौकोन मारून आले: मिक्सर, पाण्याचा फिल्टर, चिमणी, फ्रिज, आणि खिडकीजवळ एक रिकामा. दगडवाला सोमवारी माप घ्यायला येतोय.