गव्हाची गोणी की उधारीची वही?

आमची आजी १९७२च्या दुष्काळाची गोष्ट सांगताना मिलोवर हमखास येते. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, भाकर थापायला गेलं की तुटायची. मजुरांना सुकडीही, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ, मिळायची. खडी फोडून हातात पडलेल्या मजुरीबद्दल मात्र आजी वेगळ्याच सुरात बोलते, कारण त्या पैशाचं काय करायचं ते ती ठरवायची.

भारताच्या परदेशी मदतीकडे मी याच डोळ्यांनी बघतो: धान्य द्यावं की पैसे? तालिबानच्या ताब्यातल्या अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू द्यायचं ठरलं. पाकिस्तानातून वाट मिळेपर्यंत महिने गेले, आणि पहिला ताफा फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीहून निघाला. पुढच्या २०,००० टनांसाठी इराणच्या चाबहार बंदराचा मार्ग ठरला. वाटपाचं काम संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे होतं, त्यामुळे तालिबान सरकारला मान्यता दिलेली नसतानाही धान्य लोकांपर्यंत गेलं. हा मोठा गुण. बँका ठप्प असलेल्या देशात नुसते पैसे पाठवून काय उपयोग होता?

श्रीलंकेला त्याच वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत झाली, बरीचशी उधारीच्या रूपात. इंधन, औषधं, अन्न त्यातून घेता आलं. वेगवान खरं, पण उधारी ती उधारीच. आमच्याकडच्या शेतकऱ्याला पीककर्जाबद्दल वेगळं सांगायला नको.

बाजारात माल असेल तिथे मी पैशाच्या बाजूचा. काबूलसाठी मात्र गोणीच बरी, फक्त आजीच्या मिलोसारखी नको.