संस्थेचं सभासदत्व संकेतस्थळावर: क्यूआर, पेमेंट पेज, वर्डप्रेस की सिव्हीसीआरएम?

गोव्यात फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, म्हापसा, कुठेही जा. एखादं वाचनालय, नाट्यमंडळ किंवा संगीत संमेलन भरवणारी संस्था सापडतेच आणि तिच्या खजिनदाराच्या कपाटात पावती पुस्तकंही असतातच. या संस्थांकडे हल्ली एकच मागणी येत असते. गावातली मुलं पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला, लंडनला गेली. चवथीला किंवा जत्रेला घरी आली की वर्गणी देतात, एरवी म्हणतात, "काका, लिंक पाठवा ना." मग कार्यकारिणीत विषय निघतो की साधारण, कुटुंब, आश्रयदाते अशा श्रेणी संकेतस्थळावर टाकूया आणि लोकांना तिथेच पैसे भरू देऊया. वेबसाइट करणारा मुलगा बटण लावून देईल.

बटण तो लावेलच. पण कुठल्या पद्धतीने लावलं यावर पुढची कित्येक वर्षं खजिनदाराचं काम हलकं राहणार की जड, हे ठरतं. पैसे घेणं आता सोपं आहे. कोणी भरले, कोणत्या श्रेणीचे भरले, मुदत कधी संपते आणि संपल्यावर त्याला आठवण कोण करणार, हा खरा कामाचा भाग. इथली तुलना मी त्याच अंगाने केली आहे. डोळ्यांसमोर आहे ती दोनशे ते हजारभर सभासदांची, पगारी माणूस नसलेली किंवा एखादाच असलेली संस्था.

आधी घटना उघडून बसा

सॉफ्टवेअर निवडण्याआधी संस्थेची घटना वाचायलाच हवी. गोव्यातल्या अशा अनेक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्या कायद्याचं कलम 15 सांगतं की सभासद म्हणजे संस्थेच्या नियमांप्रमाणे दाखल करून घेतलेली व्यक्ती, आणि तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. शिवाय बहुतेक घटनांमध्ये अर्ज कार्यकारिणीने मंजूर करायचा असतो. अशा संस्थेने "सभासदत्व खरेदी करा" असं थेट बटण लावलं, तर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कोणीही पन्नास जणांचे पैसे भरून पन्नास मतं मागू शकतो. हा वाद मग सर्वसाधारण सभेत मिटत नाही.

म्हणून श्रेणींचे दोन गट करावेत असं माझं ठाम मत आहे. मताधिकार असलेलं सभासदत्व अर्ज, मंजुरी आणि नंतर पैशांची लिंक या क्रमाने द्यावं. हितचिंतक, स्नेही, आश्रयदाते अशा मताधिकार नसलेल्या श्रेणी संकेतस्थळावर खुशाल खुल्या ठेवाव्यात. तिथे लाभ म्हणजे संमेलनाची राखीव जागा, वार्षिक अंक, तालमीला येण्याचं आमंत्रण असं काहीही देता येतं.

दर ठरवताना 1,000 रुपयांचा आकडा लक्षात ठेवा. कला, साहित्य, संस्कृती, शिक्षण, समाजकल्याण अशा कामातल्या ना-नफा संस्थेने आपल्या सभासदाला वर्गणीच्या मोबदल्यात दिलेल्या सेवेला, दर सभासदामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत, जीएसटीतून सूट आहे. ही नोंद 2018 मध्ये आली. एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या संस्थेला एरवीही नोंदणीची गरज पडत नाही, पण सभागृह भाड्याने देणाऱ्या संस्था ती मर्यादा ओलांडू शकतात. आश्रयदात्याकडून 5,000 घ्यायचे असतील तर वर्गणी किती आणि ऐच्छिक देणगी किती, हे पानावर वेगवेगळं दाखवा आणि पावत्याही वेगळ्या द्या. ज्याच्या बदल्यात लाभ मिळतो ती वर्गणी 80जीच्या, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या, पावतीत मिसळू नये.

आजीव सभासदत्वाबद्दलही बोललं पाहिजे, कारण संकेतस्थळावर सगळ्यात आधी तेच खपतं. समजा वार्षिक वर्गणी 500 आहे आणि आजीव 5,000. ती रक्कम 6 टक्क्यांच्या ठेवीत ठेवली तर वर्षाला 300 मिळतात, म्हणजे प्रत्येक आजीव सभासदामागे संस्था दरवर्षी 200 रुपये सोडून देते. वार्षिक वर्गणीच्या वीसपटीखाली आजीव दर ठेवू नये आणि तो पैसा कायम निधीतच जावा.

क्यूआर आणि फॉर्म

सगळ्यात स्वस्त वाट. बँकेचा क्यूआर पानावर टाकायचा, खाली गुगल फॉर्म. यूपीआयवर व्यापारी शुल्क 2020 पासून शून्य आहे, त्यामुळे 500 चे पूर्ण 500 खात्यात येतात.

अडचण पुढे. खजिनदार रविवारी सकाळी बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसतो. ओळीत यूपीआय, बारा आकडी क्रमांक आणि अर्धवट तुटलेलं नाव असतं. फॉर्म भरला नवऱ्याने, पैसे गेले बायकोच्या खात्यातून. एकाने 500 भरले आणि फॉर्म भरलाच नाही. एकाने फॉर्म दोनदा भरला, पैसे एकदाच. साधारण आणि विद्यार्थी श्रेणींच्या जोडीला कुटुंब श्रेणी आणली की हा गुंता आणखी वाढतो. शंभरापर्यंत सभासद असतील आणि खजिनदार सगळ्यांना तोंडओळखीने जाणत असेल, तर ही पद्धत चालते. त्यापुढे मी सुचवणार नाही.

पेमेंट पेज

रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांसारख्या गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन ते संस्थेच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीचं, तयार पान. त्यात श्रेणी आणि दर लिहायचे, नाव, फोन, पत्ता, तालुका असे रकाने जोडायचे, आणि लिंक संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची. पैसे आणि माहिती एकाच नोंदीत येतात, त्यामुळे वरची जुळवाजुळव संपते. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं चालतं आणि पैसे भरल्याची पोच ताबडतोब जाते.

खर्च असा: रेझरपेचा जाहीर सर्वसाधारण दर व्यवहाराच्या 2 टक्के, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. 500 रुपयांमागे 11 रुपये 80 पैसे, 5,000 मागे 118. तीनशे सभासदांनी 500 भरले तर वर्षाला 3,540 रुपये जातील. पावती पुस्तकं छापून, घरोघरी माणूस पाठवून होणाऱ्या खर्चापुढे हे जड नाही. बिनचूक यादी मिळते, तिची किंमत धरली तर स्वस्तच म्हणायचं.

खातं उघडताना संस्थेचं पॅन, नोंदणीपत्र आणि संस्थेच्याच नावाचं बँक खातं लागतं. संकेतस्थळावर अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क अशी पानं असावी लागतात. ती नसली की अर्ज अडकतो. अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यावर "सध्या पुरतं" पैसे घ्यायचा मोह इथेच होतो. तो टाळाच. आणखी एक बारकावा: पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात येतात आणि शुल्क वजा होऊन येतात. 31 मार्चला भरलेली वर्गणी एप्रिलमध्ये जमा दिसते. हिशेब तपासनिसाला ताळमेळ लागावा म्हणून गेटवेचा जमा-अहवाल दर महिन्याला उतरवून ठेवायचा.

कमतरता एकच, पण मोठी. पेमेंट पेजला सभासद कळत नाही, व्यवहार कळतो. अमुक सभासदाची मुदत 31 मार्चला संपते, त्याने तीन वर्षं सलग भरले आहेत, त्याची मुलगी कुटुंब श्रेणीत आहे, हे सगळं तुम्हाला शेजारच्या एक्सेलमध्येच ठेवावं लागतं. ते नेमाने ठेवणारा एक माणूस असेल तर तीनशे-चारशे सभासदांपर्यंत काही बिघडत नाही.

वर्डप्रेस आणि प्लगइन

संकेतस्थळ आधीच वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर वेबसाइटवाला हीच वाट सुचवेल. प्लगइन म्हणजे त्याला जोडायचा तयार भाग. वूकॉमर्स या ऑनलाइन विक्रीच्या प्लगइनला भारतीय गेटवे जोडता येतो, आणि पेड मेंबरशिप्स प्रो हे सभासदत्वाचं प्लगइन वूकॉमर्सशी सांधता येतं. प्रत्येक सभासदाला लॉगिन मिळतं आणि श्रेणीप्रमाणे पानं उघडतात.

ही वाट एका विशिष्ट संस्थेसाठी उत्तम आहे: जिचा लाभच ऑनलाइन आहे. जुन्या संगीत नाटकांची ध्वनिमुद्रणं, व्याख्यानांचे व्हिडिओ, अंकांचा डिजिटल संग्रह सभासदांनाच पाहता यावा असं असेल, तर दुसरं काही शोधू नका. लाभ म्हणजे सभागृहातली खुर्ची आणि घरी येणारा अंक असेल, तर मात्र सत्तरीतल्या सभासदाला पासवर्डच्या मागे लावण्यात अर्थ नाही. "पासवर्ड विसरलो" हा फोन चिटणिसालाच येणार.

मुदतीकडेही बघा. ही प्लगइनं मुळात पैसे भरल्या दिवसापासून वर्ष मोजतात. आपल्या संस्थांचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. ठरावीक तारखेला मुदत संपवण्यासाठी वेगळी जोड बसवावी लागते. ती पहिल्याच दिवशी बसवून घ्या. आणि प्लगइनं वेळच्या वेळी अद्ययावत करणारा माणूस ठरवल्याशिवाय सभासदांचे पत्ते-फोन अशा संकेतस्थळावर ठेवू नयेत.

सिव्हीसीआरएम

2005 पासून चालत आलेलं, खास ना-नफा संस्थांसाठी बांधलेलं मुक्त सॉफ्टवेअर. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला अशा संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत बसतं. परवान्याचे पैसे नाहीत. संस्थेच्या घटनेची भाषा समजणारं यातलं हे एकच आहे. ठरावीक मुदतीचं सभासदत्व त्यात मुळातच आहे. जानेवारीनंतर आलेल्याला पुढच्या मार्चपर्यंत मुदत द्यायची असेल तर ती तारीखही नेमता येते. कुटुंब श्रेणीत एकाने भरले की नात्याच्या नोंदीवरून घरातल्या इतरांना सभासदत्व लागू होतं आणि किती जणांना, याची मर्यादा घालता येते. मुदत संपल्यावर सवलतीचा काळ आणि मग "मुदतबाह्य" अशा अवस्था आपोआप बदलतात. तो सवलतीचा काळ तीन महिन्यांचा ठेवला की कलम 15 ला धरून मतदारयादी तयार. "मंजुरी बाकी" अशी अवस्थाही ठेवता येते.

पण ते उभं करायला जाणकार लागतो. अवस्था बदलण्यासाठी सर्व्हरवर रोज चालणारं काम लावावं लागतं; ते बंद पडलं की यादी गुपचूप शिळी होते. भारतीय गेटवेची जोड तुमच्या आवृत्तीवर चालते का, हे एक रुपयाचा व्यवहार करून आधी बघा. मराठी पावतीचा घोळ तर पहिल्याच दिवशी दिसतो. पीडीएफ करणारं त्यातलं नेहमीचं साधन, डॉमपीडीएफ, देवनागरीची जोडाक्षरं नीट बांधत नाही. "श्री" सुटून पडते, वेलांट्या भलतीकडे जातात. ईमेलच्या मजकुरात तीच पावती व्यवस्थित दिसते, म्हणून पावती ईमेलमध्येच द्या, किंवा पीडीएफसाठी दुसरं साधन बसवून घ्या.

परदेशी तयार सेवांचा विचार मी लवकर आटोपता घेतो. वाइल्ड अ‍ॅप्रिकॉटसारख्या सेवा छान दिसतात, पण भाडं डॉलरमध्ये आणि संपर्कांच्या संख्येवर वाढतं. शिवाय अशा सेवा बहुधा पेपॅल आणि स्ट्राइप या परदेशी पेमेंट कंपन्यांवर उभ्या असतात. पेपॅलने भारतातले देशांतर्गत व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंद केले आणि स्ट्राइप इथे 2024 पासून फक्त निमंत्रितांना खातं देतं.

आपोआप नूतनीकरण आणि पासपोर्टचा प्रश्न

दरवर्षी आपोआप पैसे वळते करण्याची सोय कार्डावर आणि यूपीआय ऑटोपेवर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. तरुण, बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांना हे द्यावं. गावातल्या ज्येष्ठांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नावानिशी व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि लिंक पाठवावी. त्यातून संस्थेशी दोन शब्दही होतात.

गोव्यात आणखी एक गोष्ट जपायला हवी. 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांपैकी अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याचा पैसा, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचं) कार्ड असलं तरी, परदेशी स्रोतातला धरला जातो आणि त्याची देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती रक्कमही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. सेवेच्या बदल्यातल्या शुल्काचा विचार वेगळा होऊ शकतो, त्याबद्दल सीएचं लेखी मत घ्या. चारांपैकी कोणतीही वाट धरली तरी फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना सक्तीचा करा आणि गेटवेवर परदेशी कार्डं बंद ठेवा. नुसती कार्डं बंद करून भागत नाही, कारण असा माणूस इथल्या अनिवासी खात्यावरूनही यूपीआयने पैसे पाठवू शकतो.

कोणी काय घ्यावं

चारशेच्या आत सभासद असलेल्या वाचनालयाने किंवा नाट्यमंडळाने पेमेंट पेज घ्यावं, तीनच श्रेणी ठेवाव्यात आणि सभासद नोंदवही एकाच माणसाकडे द्यावी. ध्वनिमुद्रणांचा खजिना असलेल्यांनी वर्डप्रेस. हजाराच्या घरात सभासद, निवडणुका चुरशीच्या आणि कुटुंब श्रेणी मोठी असेल तर सिव्हीसीआरएम, पण ते सांभाळणारी दोन माणसं मिळाल्यावरच. एकटा असला आणि तो नोकरीसाठी बाहेर गेला, की सगळं ठप्प.

आज पेमेंट पेजवर सुरुवात करून उद्या सिव्हीसीआरएमकडे जाता येतं, फक्त पहिल्या दिवसापासून यादीत हे रकाने असू द्या: कायमचा सभासद क्रमांक, पावतीवरचं देवनागरी नाव, बँकेतलं रोमन नाव, श्रेणी, मुदतीची सुरुवात आणि शेवट, मंजुरीची तारीख, नागरिकत्व, आणि कुटुंबप्रमुखाचा सभासद क्रमांक. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी राहून जातो आणि मग कोण कुणाच्या घरचं, हे चिटणिसाला पुन्हा फोन करून विचारत बसावं लागतं.